'पुट अप विथ' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास

इंग्रजी-मराठी कोश उघडून 'पुट अप विथ' ह्या क्रियापदाचा अर्थ पाहिला असता 'सहन करणे' हा प्रतिशब्द सामान्यतः हाती लागतो. 'बेअर', 'एन्ड्युअर', 'सफर', 'टॉलरेट' ह्या शब्दांपुढेही तोच प्रतिशब्द उभा असतो. पाच भिन्न कुळांतील शब्द एकाच दारातून मराठीत येतात आणि आत आल्यावर ओळखू येईनासे होतात. कोशकारांना ह्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. कोशाला जागा थोडी असते. परंतु ज्याला भाषेचा इतिहास अभ्यासावयाचा आहे, त्याला एवढ्यावर थांबता येत नाही. ह्या पाचांपैकी चार शब्द भार वाहण्याच्या किंवा कठीण होण्याच्या कल्पनेतून निघाले आहेत. 'पुट अप विथ' मात्र त्या कल्पनेतून निघालेले नाही. ते कोठून निघाले, आणि मार्गात त्याचा अर्थ कसा पालटला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ह्या जातीच्या क्रियापदांविषयी थोडेसे. साधे क्रियापद आणि त्यामागून येणारा 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखा निपात मिळून जो एकजीव शब्द होतो, त्याला आज इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव तसे अलीकडचे आहे. लोगन पिअर्सल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्‌स अँड इडियम्स' ह्या ग्रंथात ते प्रथम छापले गेले, आणि ते आपल्याला हेन्री ब्रॅडली ह्यांनी सुचविले असे स्मिथ ह्यांनीच नमूद केले आहे. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२० साली, आर्थर केनेडी ह्यांनी ह्याच क्रियापदांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. त्यांनी 'क्रियापद-क्रियाविशेषण संयोग' असा रुक्ष परंतु अचूक शब्द वापरला. आपण येथे 'निपातयुक्त क्रियापद' म्हणू.

नाव नवे असले तरी अडचण जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ह्या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. परकीयांना इंग्रजीत सर्वांत अधिक त्रास ह्यांचा होतो, आणि त्यांपैकी काहींचा अर्थ मूळ शब्दांपासून इतका दूर गेलेला आहे की तेथवरची पावले कोणत्याही बुद्धीला शोधून काढता येणार नाहीत, असा त्यांचा अभिप्राय. जॉन्सन ह्यांच्या काळी ऐतिहासिक कोशाची साधने नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची निराशा समजू शकते. आज ती कायम ठेवण्याचे कारण नाही. निदान प्रस्तुत क्रियापदाची पावले तरी बऱ्याच अंशी दिसतात.

संस्कृताच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित वाटू नये. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही एकाच धातूची रूपे उपसर्गभेदाने किती दूर जातात हे आपण पहिल्या वर्षापासून घोकत आलो आहो. उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की नाही, ह्यावर शाकटायन आणि गार्ग्य ह्यांचा मतभेद यास्काने निरुक्ताच्या आरंभीच नोंदविला आहे. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग अर्थ सांगत नाही. गार्ग्याच्या मते सांगतो, आणि तोही नानाविध. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात (सूत्रे ८० ते ८२) उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात असा नियम घालून दिला, आणि वेदात ते मागाहूनही येतात, मध्ये अंतर ठेवूनही येतात, अशी पुस्ती जोडली. इंग्रजीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत पूर्वप्रत्यययुक्त क्रियापदे विपुल होती. 'सोसणे' ह्या अर्थी तीत 'फोरबेरन' हे क्रियापद होते. आजचे 'फॉरबेअर' ते हेच, मात्र त्याचा अर्थ आता 'स्वतःला आवरणे' एवढाच उरला आहे. पुढे हे पूर्वप्रत्यय झिजले, नवे घडेनासे झाले, आणि त्यांचे काम क्रियापदामागे सुटे उभे राहणारे निपात करू लागले. स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या भाषेत ही रचना रूढ होती, तिचाही ह्या बदलाला हातभार लागला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ह्या नव्या रचनेचे एक जुने उदाहरण पीटरबरो येथील मठाच्या बखरीत सापडते. स्टीफन राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सेलर रॉजर ह्यांना ऑक्सफर्ड येथे पकडून, ते आपले किल्ले सोडून देईपर्यंत बंदीत ठेवले, ही हकीकत तीत ११३७ च्या नोंदीखाली आली आहे. घटना वस्तुतः ११३९ ची; बखरीचा हा भाग लिहिला गेला ११५५ च्या सुमारास. किल्ले 'सोडून देणे' ह्यासाठी बखरकाराने वापरलेले क्रियापद म्हणजे आजचे 'गिव्ह अप'च होय. बिशपांचे किल्ले गेले, परंतु इंग्रजीच्या एका मोठ्या क्रियापदवर्गाची नोंद त्यामुळे राहिली.

आता आपल्या क्रियापदाकडे वळू. 'पुट' ह्याचा आजचा अर्थ 'ठेवणे'. मूळचा अर्थ 'ढकलणे, रेटणे'. जुन्या इंग्रजीतील 'पोटियन' हे त्याच्या कुळातले. हा मूळ अर्थ मैदानी खेळांनी जपून ठेवला आहे. आपण ज्याला गोळाफेक म्हणतो त्या खेळाच्या इंग्रजी नावात 'पुट' आहे, कारण त्यात गोळा खांद्यापासून रेटावयाचा असतो. गोल्फमधला 'पट' हा त्याचाच भाऊ. 'अप' ह्याचा अर्थ मात्र येथे 'वर' असा घेऊन चालत नाही, आणि विद्यार्थ्यांची पहिली चूक येथेच होते. 'ले अप', 'स्टोअर अप', 'लॉक अप' ह्या क्रियापदांत 'अप' म्हणजे बाजूला, आत, सुरक्षित जागी. वस्तू हाताळून झाल्यावर ती तिच्या जागी बंद करून ठेवणे म्हणजे 'पुट अप'. तलवार म्यानात घालणे ह्यासाठी हेच क्रियापद होते. १६११ च्या इंग्रजी बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, येशू पेत्राला तलवार म्यान करावयास सांगतो ते ह्याच शब्दांत. 'रोमिओ अँड ज्यूलिएट'च्या पहिल्याच प्रवेशात बेन्व्होलिओ भांडणाऱ्या नोकरांना तीच आज्ञा करतो. पैसा किंवा चिठ्ठी खिशात, थैलीत टाकणे ह्यालाही 'पुट अप' म्हणत.

ह्या प्रत्यक्ष क्रियेवरून लाक्षणिक अर्थ निघाला तो असा : झालेला अपमान किंवा अन्याय 'पुट अप' करणे, म्हणजे त्याचा सूड न घेता तो गुपचूप आत ठेवणे. येथे 'विथ' नाही. अपमान हेच क्रियापदाचे सरळ कर्म आहे. १५९४ साली छापलेल्या 'टायटस अँड्रॉनिकस'च्या पहिल्या अंकात सम्राट सॅटर्नायनस विचारतो की, उघड अप्रतिष्ठा झाली असता सूड न उगविता ती नीचपणे 'पुट अप' करावी की काय. 'नीचपणे' हे क्रियाविशेषण येथे फार बोलके आहे. 'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात रॉडरिगो इयागोवर संतापतो तेव्हा एकाच वाक्यात तो तीन क्रियापदे योजतो : आता आपण हे 'एन्ड्युअर' करणार नाही, आणि मूर्खपणाने जे आजवर 'सफर' केले ते निमूटपणे 'पुट अप' करावयास आपले मन अजून तयार नाही. तिन्ही शब्द समानार्थी असते तर एवढी शब्दसंपत्ती एका वाक्यात उधळण्याचे कारण नव्हते. दुःख भोगणे झाले ते 'सफर'. ते पुढे चालू देणे हे 'एन्ड्युअर'. आणि त्याचा जाब न विचारता गप्प बसणे हे 'पुट अप'.

म्यान की खिसा? ह्या लाक्षणिक अर्थाच्या मुळाशी कोणते चित्र आहे, ह्याविषयी दोन्ही पक्ष मांडता येतील. द्वंद्वयुद्धाच्या काळातील समाज पाहता म्यानाचे चित्र अधिक आकर्षक वाटते : अपमान झाला, हात मुठीकडे गेला, आणि तलवार परत म्यानात गेली. परंतु व्याकरण ह्या पक्षाच्या आड येते. म्यानात जाते ती तलवार. येथे तर कर्मस्थानी अपमान आहे. जी वस्तू आत ठेवावयाची ती अपमानच होय, तेव्हा चित्र खिशाचे किंवा थैलीचे असले पाहिजे. ह्याला दुसराही आधार आहे. 'किंग जॉन' नाटकात ऑस्ट्रियाचा ड्यूक आपल्याला झालेले अन्याय 'पॉकेट अप' करावे लागतील असे म्हणतो. 'हेन्री द फिफ्थ'मधील पोऱ्या आपल्या धन्यांच्या चोऱ्यांत सामील होणे म्हणजे उघड उघड अन्याय खिशात घालणेच होय, अशी दुहेरी कोटी करतो. 'पॉकेट अप' आणि 'पुट अप' हे त्या काळी जोडीने चालणारे प्रयोग होते. म्यानाचे चित्र बोलणाराच्या मनात अजिबात नसेल असे मात्र माझे म्हणणे नाही. एक शब्द दोन चित्रांवर एकाच वेळी उभा राहू शकतो.

आपल्याकडे खिशाऐवजी पोट आहे. 'अपमान गिळणे', 'अपराध पोटात घालणे' ह्या प्रयोगांत कर्म तेच, क्रिया तीच, फक्त पात्र निराळे. 'तलवार म्यान करणे' हा प्रयोगही मराठीत आहे, पण त्याचे कर्म तलवार. आणि म्हणूनच त्याचा अर्थ 'भांडण थांबविणे' असा होतो, 'अपमान सोसणे' असा होत नाही. मराठीनेच हा भेद इतका स्पष्ट राखल्यामुळे वरील वादात खिशाच्या बाजूने कौल देणे मला सोपे गेले.

ह्या अवस्थेतील 'पुट अप' हा कमीपणाचा शब्द होता, हे विसरून चालणार नाही. ज्या समाजात मान राखणे हे कुलीन पुरुषाचे कर्तव्य मानले जाई, तेथे अपमान आत ठेवणे हा सद्गुण नव्हे, नामुष्की होती. राजसत्तेला ही वृत्ती मोडावयाची होती. पहिल्या जेम्सने द्वंद्वाविरुद्ध फर्माने काढली, आणि १६१४ साली फ्रान्सिस बेकन ह्याने अॅटर्नी-जनरल ह्या नात्याने स्टार चेंबरपुढे द्वंद्वांवर केलेला अभियोग प्रसिद्ध आहे. फर्मानांनी द्वंद्वे लगेच थांबली नाहीत. इंग्लंडात ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. परंतु अपमानाची दाद तलवारीने न घेता न्यायालयात घ्यावी, किंवा मुळीच घेऊ नये, ही कल्पना मध्यमवर्गात हळूहळू रुजली. शब्दाचे कर्मही त्याबरोबर पालटले. सतराव्या शतकात 'पुट अप' करावयाचा तो अन्याय, अपमान, शिवी. अठराव्या शतकात 'विथ' हा शब्द चिकटून 'पुट अप विथ' हे रूप स्थिर झाले, आणि त्याचे कर्म होऊ लागले गैरसोय, वाईट जेवण, कंटाळवाणा पाहुणा, शेजाऱ्याचा कुत्रा. ज्याचा सूड घेता येत नाही अशाच ह्या गोष्टी आहेत. पावसाशी कोण द्वंद्व करणार?

'विथ' का यावे? माझ्या मते 'बेअर विथ' आणि 'कन्टेन्ट विथ' ह्या निकटच्या प्रयोगांचे आकर्षण येथे कारणीभूत झाले असावे. अन्याय खिशात घातला की तो दिसेनासा होतो. गैरसोय मात्र समोरच राहते आणि तिच्यासह राहावे लागते. सरळ कर्म जाऊन 'सह' अर्थाचा शब्द आला, ह्यात हा फरक प्रतिबिंबित झाला आहे असे मला वाटते. रचनाही त्यामुळे घट्ट झाली. 'पुट अप'मध्ये कर्म मधे घालता येत होते. 'पुट अप विथ'च्या तीन अवयवांत काहीही शिरकाव करू शकत नाही.

आता समानार्थी शब्दांकडे. त्यांतील सर्वांत मोठे कुळ भारवाहकांचे आहे. 'बेअर' म्हणजे वाहणे. संस्कृत 'भृ', ग्रीक 'फेरेइन' आणि लॅटिन 'फेर्रे' ही त्याची भावंडे. 'सफर' हा शब्द त्याच लॅटिन 'फेर्रे'ला 'सुब्' हा उपसर्ग लागून झाला : खालून भार धरणे. 'टॉलरेट' मूळ लॅटिन 'तोलेरारे'वरून आला, आणि त्याचा धातू उचलण्याचा, पेलण्याचा आहे. संस्कृत 'तुला' आणि आपले 'तोलणे' ह्याच धातूच्या परिवारातले. जुन्या इंग्रजीत ह्याच धातूचे देशी रूप 'थोलियन' होते. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत ते 'थोल' म्हणून अजून ऐकू येते. म्हणजे एकाच मुळाचा घरचा शब्द खेड्यात राहिला आणि परदेशातून शिकून आलेला 'टॉलरेट' दरबारात बसला. 'एन्ड्युअर' निराळ्या घरचा. लॅटिन 'दूरुस' म्हणजे कठीण. सोसता सोसता कठीण होणे हा त्याचा गाभा. 'स्टँड' म्हणजे हल्ल्यापुढे उभे राहणे, 'अबाइड' म्हणजे मुळात वाट पाहणे. ह्या दोहोंविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही, इतकेच की दोन्ही आज बहुधा नकारातच वापरतात.

पोटाचे कुळ अधिक रंजक आहे. 'ब्रुक' हे क्रियापद जुन्या इंग्रजीत 'ब्रूकन' होते आणि त्याचा अर्थ 'उपभोगणे' असा होता. जर्मन 'ब्राउखेन' आणि लॅटिन 'फ्रुक्तुस' त्याचे नातलग. अन्नाचा उपभोग, त्यावरून अन्न पचणे, त्यावरून न आवडणारी गोष्ट पचविणे, अशा पायऱ्यांनी ते सोळाव्या शतकापर्यंत 'सहन करणे' येथवर आले. आज ते केवळ नकारात जिवंत आहे : अधिकारी 'दिरंगाई ब्रुक करणार नाहीत'. 'स्टमक' हे क्रियापद तर उलट दिशेने गेले. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ 'राग धरणे, मनात सल ठेवणे' असा होता. पुढे तो 'राग गिळणे' असा झाला. मराठीत 'पोटात ठेवणे' आणि 'पोटात घालणे' ह्यांत जे अंतर आहे ते येथे एकाच शब्दाने दोन शतकांत कापले.

ह्या सर्वांत 'टॉलरेट' ह्या शब्दाला राजकीय इतिहास आहे, आणि प्रतिशब्दाची चूक तेथे सर्वांत महाग पडते. १६८९ चा इंग्लंडातील कायदा 'टॉलरेशन अॅक्ट' म्हणून ओळखला जातो, परंतु त्याचे अधिकृत शीर्षक पाहिले तर त्यात स्वीकाराचा शब्दही नाही. चर्च ऑफ इंग्लंडशी मतभेद असलेल्या प्रॉटेस्टंट प्रजेला काही कायद्यांतील शिक्षांपासून सूट देण्याचा तो कायदा. कॅथलिक आणि त्रित्व न मानणारे त्यातून वगळलेलेच राहिले. लॉकचे 'टॉलरेशन'वरील लॅटिन पत्र आणि विल्यम पॉपल ह्याने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ही दोन्ही त्याच वर्षाची. शंभर वर्षांनी हाच शब्द अपुरा वाटू लागला. १७९० साली न्यूपोर्ट येथील ज्यू मंडळीला लिहिलेल्या पत्रात जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी, आता एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला हक्क मिळतात अशा अर्थाने 'टॉलरेशन'ची भाषा उरली नाही, असे म्हटले. १७९१ साली टॉमस पेन ह्याने त्याला असहिष्णुतेचे बनावट रूप ठरविले. १८९३ साली शिकागो येथे विवेकानंदांनी 'टॉलरेशन' आणि स्वीकार ह्यांत भेद केला तोही ह्याच धाग्यावर. 'टॉलरेट' करणारा वर असतो. ज्याला आवरण्याची सत्ता आपल्याकडे आहे त्यालाच आपण 'टॉलरेट' करतो. 'पुट अप विथ' करणारा बहुधा खाली किंवा बरोबरीला असतो. सरकार पंथांना 'टॉलरेट' करते. पंथ सरकारला 'पुट अप विथ' करतात. दोन्हींचे भाषांतर 'सहन करणे' केले तर कोण कोणावर आहे हेच वाचकाला कळत नाही.

मराठीत ह्या छटांसाठी शब्द नाहीत असे नाही. उलट ते पुष्कळ आहेत. 'सासुरवास सोसला' म्हटले की त्यात दीर्घ दुःख आणि एक प्रकारचा मोठेपणा येतो. तेथे 'एन्ड्युअर' शोभते. 'सासूचे टोमणे खपवून घेतले' म्हटले की नाइलाज आणि चीड येते. हे 'पुट अप विथ'. येथे 'घेणे' ह्या सहायक क्रियापदाचे काम पाहण्यासारखे आहे. क्रियेचा ओघ ते कर्त्याकडे, आत वळविते. इंग्रजी 'अप'ने जे केले तेच आपल्याकडे 'घेणे' करते, फक्त उपसर्गाने नव्हे, तर संयुक्त क्रियापदाच्या रचनेने. 'चालवून घेणे' त्याहून सौम्य आहे : तांदूळ नसले तर भाकरीवर चालवून घेतले. त्यात उणीव आहे, अपमान नाही. 'खपवून घेणे' मात्र 'ब्रुक'प्रमाणे नकारात अधिक रमते, आणि पत्रकांत व भाषणांत 'खपवून घेतले जाणार नाही' हे तर आज ठरीव सूत्रच झाले आहे. 'पोटात घालणे' ह्यात क्षमा आहे, ती 'पुट अप विथ'मध्ये मुळीच नाही. म्हणून चित्र जुळत असूनही तो प्रतिशब्द वापरता येत नाही.

'विथ' वाक्याच्या शेवटी येते ही गोष्टही ह्या क्रियापदाला भोवली. ड्रायडन ह्याने १६७२ मध्ये वाक्यान्ती शब्दयोगी अव्यय ठेवण्याला आक्षेप घेतला आणि १६८४ च्या आवृत्तीत स्वतःच्या जुन्या निबंधातील अशी वाक्ये बदलली. शाळामास्तरांनी पुढे त्याचा नियम करून टाकला. त्या नियमाची थट्टा म्हणून 'पुट अप विथ'ची उलटापालट केलेले एक वाक्य चर्चिल ह्यांच्या नावावर सांगतात. अर्नेस्ट गॉवर्स ह्यांच्या १९४८ च्या 'प्लेन वर्ड्‌स'मध्ये ती आख्यायिका आली आणि जगभर गेली. चर्चिल ह्यांनी ते लिहिल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. थट्टा मात्र भाषाशास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे : त्या वाक्यात 'विथ'बरोबर 'अप'लाही पुढे ओढावे लागते, आणि तसे करताच क्रियापद मोडून पडते. तीन शब्द असूनही तो एक शब्द आहे, ह्याची ह्याहून चांगली चाचणी व्याकरणकारांनाही सुचली नसती.

आपल्याकडच्या इंग्रजीत 'पुट अप'ची आणखी दोन रूपे घट्ट झाली आहेत. प्रवासात उतरणे ह्या अर्थाचा अठराव्या शतकातील प्रयोग 'तुम्ही कोठे पुट अप केले आहे?' ह्या प्रश्नात कायमच्या राहण्यापर्यंत ताणला गेला, आणि कचेऱ्यांत कारकून साहेबांपुढे फाईल 'पुट अप' करू लागला. ही रूपे मराठी बोलण्यातही शिरली. आपले 'पुट अप विथ' मात्र शिरले नाही. मराठीला त्याची गरज पडली नसावी, 'खपवून घेणे' घरात होतेच.

शेवटी पुन्हा रॉडरिगोच्या वाक्याकडे. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांच्या १८६७ च्या भाषांतरापासून 'ऑथेल्लो' मराठीत आहे, आणि १८९० साली देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. आज कोणी ते वाक्य नव्याने मराठीत आणू पाहील तर त्याला तीन क्रियापदे निवडावी लागतील. 'सफर'ला मी 'भोगणे' घेईन, 'एन्ड्युअर'ला 'सोसणे'. 'पुट अप'ला, त्याला अजून 'विथ' लागलेले नाही हे लक्षात घेऊन, 'खपवून घेणे' न घेता 'गिळणे' घेईन.